फ्लेक्सवर लंडन, खात्यावर शून्य

आज थोडं मोठं लिहितोय. सवड असेल तर आत्ता वाचा, घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण अर्धं वाचून कमेंट टाकू नका. मागच्या पोस्टला त्यानंच भांडणं झाली.

गेल्या आठवड्यात तासगावकडं जाताना एका फाट्यावर फ्लेक्स बघितला. 'परदेशात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधोमध पोरगं, अंगात कोट. तो कोट स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेला, हे लांबूनही कळत होतं. वर तीन नेते, खाली शुभेच्छुक म्हणून एकवीस तोंडं. गाडी थांबवून मोजली मी. पोराचा चेहरा नेत्याच्या चेहऱ्याच्या निम्मा.

त्या पोराचा मला आनंदच आहे. शिकू दे, लांब जाऊ दे. माझा राग फ्लेक्सवर आहे. कारण असाच एक फ्लेक्स 2023 साली आपल्याच भागातल्या एका गावात लागला होता आणि त्याची बातमी मीच केली होती. 'शेतमजुराची लेक निघाली लंडनला.' तीन कॉलम, फोटोसकट. मथळाही माझाच.

ती पोरगी मला पहिल्यांदा दिसली 2019 च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेलेलं. ब्रह्मनाळची बोट उलटून माणसं गेलेली. आम्ही पत्रकार कॅमेरे घेऊन गुडघाभर पाण्यात हिंडत होतो आणि स्वतःला लई मोठं समजत होतो. एका शाळेत छावणी होती. तिथं सेकंड इयरची एक पोरगी, एनएसएसची स्वयंसेवक, शाळेचंच हजेरीबुक उलटं धरून मागच्या पानांवर याद्या करत बसलेली. कुणाला बीपीच्या गोळ्या पाहिजेत, कुणाच्या लेकराला दूध, कुणाची म्हैस कुठल्या उंचवट्यावर बांधलीय, कुठल्या बाईचा कितवा महिना आहे. बाहेर पुण्या-मुंबईच्या ट्रकांची रांग. ट्रकात बिस्किटं आणि जुन्या साड्या. ती मला म्हणाली, "दादा, तुमच्या बातमीत एवढं लिहा. साड्या नकोत म्हणावं, गोळ्या पाठवा."

तिचं स्वतःचं घर पत्र्यापर्यंत पाण्यात होतं, हे मला चौथ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पुढं तिनं पदवी केली, दोन वर्षं एका संस्थेत कमी पगारावर काम केलं आणि सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला आपत्ती व्यवस्थापन शिकायला निवडली गेली. विषयही तिनंच निवडला. पूर बघून निवडला. नाव देत नाही. तिनंच नको म्हटलंय. कुठली शिष्यवृत्ती, कुठलं कार्यालय तेही लिहीत नाही, कारण उद्या तिच्या मागनं येणाऱ्या पोरांच्या फायली त्याच टेबलावर जाणार आहेत.

आता निवड झाली म्हणजे काय झालं, ते नीट ऐका. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, स्टॅम्प पेपरवर बंधपत्र आणि दोन जामीनदार. जामीनदार कसे पाहिजेत? तर ज्यांच्या नावावर काहीतरी मालमत्ता आहे असे. बाप दुसऱ्याच्या उसात तोडीला जाणारा. त्याच्या ओळखीत मालमत्तावाला कोण असणार? तिच्या आईनं फ्लेक्सवरची माणसं एकेक करून गाठली. तिच्याही फ्लेक्सवर शुभेच्छुकांची खाली मोठी ओळ होती की! त्यातल्या एकानंही सही केली नाही. "वहिनी, दुसरं काय पण सांगा, जामिनाचं तेवढं नको." शेवटी सही केली ती एका निवृत्त प्राथमिक शिक्षकानं आणि पोरीच्या मामानं. मामानं स्वतःचं दहा गुंठं दाखवलं. या दोघांचा फोटो फ्लेक्सवर नव्हता. माझ्या बातमीतही नव्हता.

लंडनला गेली. फी परस्पर युनिव्हर्सिटीला जाते, राहण्या-खाण्याचा पैसा हप्त्यानं पोरांच्या खात्यावर येतो. पहिला हप्ता आला. दुसरा पाच महिने आला नाही.

"मग पार्टटाइम काम करायचं ना," असं इथं पारावर बसून म्हणणं सोपं आहे. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही. केलं आणि सापडलं तर व्हिसाच जायची पाळी. ती एका सँडविचच्या दुकानात 20 तास भरत होती, त्यात खोलीचं भाडं कसंबसं निघत होतं. कार्यालयाला मेल केला की उत्तर ठरलेलं, 'आपला प्रस्ताव कार्यवाहीत आहे.' फोन करायचा तर आपल्याकडं सकाळी दहाला कार्यालय उघडतं तेव्हा लंडनात हिवाळ्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पोरगी साडेचारचा गजर लावून उठायची. पलीकडनं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आई इकडं तीन एसट्या बदलून कार्यालयात जाऊन आली दोनदा. तिला सांगितलं, "ऑनलाइन बघा." आईकडं साधा बटणाचा फोन.

आणि आता जे सांगतोय ते तिनं मला परत आल्यावर, चहा पिता पिता, मध्येच सहज सांगितलं.

तिथं गेल्या गेल्या तिनं सवयीनं एक काम शोधलं होतं. एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी फूड बँक चालते. ज्यांच्या घरी खायला नाही त्यांना डबाबंद अन्न देतात. बीन्स, पास्ता, टोमॅटोचे डबे, लेकरांचं दूध. विलायतेत माणसं जेवणासाठी रांग लावतात, हे बघून आधी तिला धक्काच बसला. मग ती तिथं स्वयंसेवक झाली. टेबलाच्या आतल्या बाजूला उभी राहून पिशव्या भरायची, याद्या लिहायची. सांगलीत केलेलंच काम. तिथल्या म्हाताऱ्या बाया तिला विचारायच्या, एवढी व्यवस्थित यादी करायला कुठं शिकलीस? ती सांगायची, आमच्या नदीनं शिकवलं.

चौथ्या महिन्यात तिच्याकडं पैसे संपले. तिथं पिशवी घ्यायची तर कुणाची तरी चिठ्ठी लागते. तिनं युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातनं चिठ्ठी आणली आणि एका शनिवारी सकाळचं काम उरकून, अंगावरचा स्वयंसेवकाचा जॅकेट काढून, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन रांगेत उभी राहिली. "लाज वाटली का?" मी विचारलं. म्हणाली, "दादा, तिथं नाही वाटली. त्यांनी नेहमीसारखीच पिशवी दिली, काही विचारलं नाही. लाज वाटली ती रात्री आईला फोनवर 'जेवले' म्हणताना."

मी तीन कॉलमची बातमी केली ती पोरगी ही. आणि ती रांगेत उभी होती त्या आठवड्यात माझ्या पानावर काय छापलं होतं, ते परवा फाइल काढून बघितलं. वाढदिवस विशेष.

तिनं आणखी एक सांगितलं. एका रविवारी पायी चालत ती 10, किंग हेन्रीज रोडला गेली. बाबासाहेब 1921-22 मध्ये लंडनला शिकताना जिथं राहिले ते घर. 2015 साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं तीस लाख पौंडांच्या आसपास मोजून ते विकत घेतलं, स्मारक केलं. चांगलं केलं. मी स्वतः तेव्हा कौतुकानं लिहिलं होतं. पण विचार करा. सरकारनं घेतलेल्या घराच्या दारात सरकारचीच शिष्यवृत्ती मिळालेली पोरगी उभी आहे, आणि तिच्या घरमालकाचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय.

आता 7 नोव्हेंबर येतोय. सातारकरांना सांगायला नको. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. राजवाड्याजवळ कार्यक्रम होतील, भाषणं होतील, 'साताऱ्याच्या मातीतून कोलंबियापर्यंत' असं कुणीतरी म्हणेलच. दरवर्षी म्हणतात.

पण साताऱ्यातून कोलंबियाच्या आधी मसूर लागतं, ते कुणी बोलत नाही.

मसूर स्टेशन. आमच्या कराडपासून मोटारसायकलवर जाऊन या एकदा. साधारण 1901 सालची गोष्ट. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर. पोरं सुट्टीत त्यांना भेटायला निघाली, नवे कपडे घालून, आनंदात, साताऱ्याहून आगगाडीनं. मसूरला उतरली. आणायला कुणी आलं नव्हतं, कारण चिठ्ठीच वडिलांना पोचली नव्हती. स्टेशन मास्तरनं जात विचारली आणि ऐकून मागं सरकला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला. तेही असं, की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि त्या लिखाणाचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघताना. न्यूयॉर्कच्या व्हिसाची नव्हे हो, स्वतःच्या जिल्ह्यात फिरण्याच्या व्हिसाची.

त्याच लिखाणात पुढं बडोदा येतं. 1913 ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायचा करार. 1917 ला मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं आणि करार पाळायला ते बडोद्याला गेलेही. पदव्या घेऊन आलेल्या त्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. ओळखीच्यांनी आसरा दिला नाही. दिवसभर बागेत बसून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

तर पैसे महाराजांनी दिले, विद्या विलायतेनं दिली, आणि परत आल्यावर खोली द्यायची पाळी आपली होती. ती आपण दिली नाही. पुढं 1920 ला शाहू महाराजांची मदत, मित्राची उसनवारी आणि स्वतःची शिल्लक यांवर ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा शिक्षण पुरं झालं.

शंभर वर्षांत काय बदललं? बदललं, नाही कसं म्हणू. आता काठ्या घेऊन कुणी येत नाही. आता 'कार्यवाहीत आहे' म्हणतात.

आणि हे एका कार्यालयाचं दुखणं नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप घ्या. अख्ख्या देशात मिळून जागा 125. त्यातल्या 115 अनुसूचित जातींना. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याच, बरं का. 2025 साली निवडले 106. आणि जुलैत पत्रं मिळाली 40 जणांना. उरलेल्या 66 जणांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर मिळेल. पोरांनी नोकऱ्या सोडलेल्या, युनिव्हर्सिटीला होकार कळवलेला, सप्टेंबरात वर्ग सुरू. तोंडावर सांगतात, बघू.

त्याच योजनेत 2022 साली एक अट घातली होती. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतातला समाज असल्या विषयांना शिष्यवृत्ती नाही. मे 1916 मध्ये कोलंबियात बाबासाहेबांनी निबंध वाचला तो कशावर होता? भारतातल्या जातींवर. म्हणजे या नियमात तो अर्ज पहिल्याच छाननीत बाद. आणि आपण पुतळ्याला हार घालणार.

मला माहीत आहे, आता कमेंटमध्ये काय येणार. एक, "देशाच्या पैशानं शिकतात आणि तिकडंच राहतात." दोन, "सगळ्यांना फुकट पाहिजे."

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे. फुकट काही नाही. बंधपत्र आहे, जामीन आहे, मामाचं दहा गुंठं आहे. ज्यांना फुकटाचा राग येतो त्यांनी आपल्याच भागात कर्ज काढून जाणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन यावं. एजंट हॉटेलात सेमिनार घेतो, समोसा देतो आणि 'नोकरीची गॅरंटी' तोंडी देतो, कागदावर देत नाही. व्हिसासाठी बँकेत 28 दिवस पैसे दाखवावे लागतात, ते दाखवायला बाप सावकाराकडं जातो. वर इंग्लंडच्या आरोग्यसेवेचे वर्षाला 776 पौंड विद्यार्थ्याला आधीच भरावे लागतात. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, विषय मोठा आहे.

पहिल्याचं उत्तर द्यायला मला भाऊराव पाटलांपर्यंत जावं लागेल. 1919 ला कर्मवीरांनी आमच्या कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. हे सगळ्यांना पाठ आहे. बॅरिस्टर पी. जी. पाटील आठवतात का? भाऊरावांच्याच तालमीत वाढलेले. इंग्लंडला शिकून बॅरिस्टर झाले आणि परत आले. मुंबईत वकिली करून बंगला बांधता आला असता. ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, महात्मा फुल्यांचं लेखन इंग्रजीत नेलं. का परत आले? माणूस मोठा होता हे तर आहेच. पण इथं त्यांच्यासाठी काम ठेवलेलं होतं. धाडणाऱ्याला माहीत होतं, हा परत आल्यावर कुठं बसणार.

आज कोण बसवतो?

ती पोरगी परत आली. होय, आली. तिकडं दोन वर्षं राहून नोकरी शोधायचा व्हिसा मिळत होता, तो न घेता आली. पुराचं काम पुराच्या गावात करायचं म्हणून आली. याला आता वर्ष होत आलं. एका कॉलेजात गेली, तर तासिका तत्त्वावर या म्हणाले, तास मिळतील तेवढे, मानधन येईल तेव्हा. दुसऱ्या एका संस्थेत कायम जागा आहे म्हणून कळलं, तिथं पदव्या बघायच्या आधी 'तुमची तयारी किती' विचारलं. तयारी म्हणजे काय ते मी फोडून सांगत नाही, शिक्षण क्षेत्रातल्या मंडळींना समजलं असेल. एका साहेबांना ती भेटली, वस्तीवार आराखडा घेऊन. कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरतं, कुठं अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आहेत, कुणाकडं नाव आहे, छावणीची शाळा उंचावर आहे का. साहेबांनी तिच्यासोबत फोटो काढला. आराखडा टेबलावर राहिला.

सध्या ती एका खासगी क्लासमध्ये आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. आणि आता कॅनडाचा एक फॉर्म भरतेय. मला सांगताना खाली बघत होती, जणू चोरी केलीय. मी म्हटलं, भर. बिनधास्त भर. उद्या ती गेली की हेच लोक म्हणणार, बघा, शेवटी गेलीच. वर्षभर ती इथंच होती रे! सांगलीत रिक्षानं फिरत होती, हातात फाइल घेऊन. तेव्हा कुणी 'तू गेलीस' म्हणायला नव्हतं, कारण ती आलीय हेच कुणाला माहीत नव्हतं. येण्याचा फ्लेक्स लागत नाही.

यात माझाही वाटा आहे. वीस वर्षं या धंद्यात आहे. पत्रकारितेच्या डिप्लोमात सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, बातमीचा पाठपुरावा करायचा. मी निवडीच्या किती बातम्या केल्या असतील, त्यातल्या एकाही पोराला सहा महिन्यांनी फोन करून 'हप्ता आला का' विचारलेलं मला आठवत नाही. सत्काराची बातमी लिहायला दहा मिनिटं लागतात, जाहिरातही मिळते. हप्त्याच्या बातमीला कोण जाहिरात देणार?

म्हणून यंदा 7 नोव्हेंबरला मी साताऱ्याला जाणार आहे, पण भाषणं लिहून घेणार नाही. मला दुसरी यादी करायचीय. सातारा आणि सांगली जिल्ह्यातली जी पोरं सरकारी शिष्यवृत्तीवर बाहेर आहेत, जाऊन आलीत किंवा निवड होऊन वाट बघत बसलीत, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी मला इनबॉक्समध्ये एवढंच कळवा: अर्ज कधी केला, निवड कधी झाली, पहिला हप्ता कधी आला, दुसरा कधी आला, जामीनदार कोण मिळाला (नातं सांगा, नाव नको), आणि परत आला असाल तर आज काय काम करताय. नाव छापणार नाही. तारखा छापणार.

यादीचे रकाने मी पाडले नाहीत, तिनंच पाडून दिलेत. अजून एक रकाना तिनं घालायला सांगितला, तो मी विसरलो होतो: हप्ता थकला त्या महिन्यांत काय खाल्लं.